ठोकळ्याचं जाकीट

कुत्रा उठला आणि तिच्याकडे यायचं सोडून भलतीकडेच चालू लागला. घडलं ते एवढंच. नंतर विभागप्रमुखांनी त्याला 'प्रकार' म्हटलं, शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी 'तमाशा' म्हटलं, आणि अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, संध्याकाळी सगळं ऐकून घेऊन काहीच म्हटलं नाही. तिच्यापुरतं मात्र ते, इथे अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली नुसती हवा असावी, तसं होतं. वनस्पतिसंग्रहालयाच्या लांबट खोलीत महिन्याची बैठक चालली होती. पलीकडच्या इमारतीत कुणीतरी भिंत फोडत होतं. यंत्राचा आवाज सलग असता तर तिनं तो सोसला असता, सलग आवाजाशी तिचं जमायचं. पण हा मध्येच थांबत होता, दम खात होता, आणि आता संपला असं वाटेपर्यंत पुन्हा दाताच्या मुळाशी येऊन भिडत होता. टेबलाखाली तिचा अंगठा तर्जनीच्या पेरावर घासायला लागला. एरवी इतकं पुरे असे. तिला स्वतःला कळायच्या आधी ठोकळ्याला, तिच्या कुत्र्याला, कळे. त्याची हनुवटी तिच्या मांडीवर येई, मग छाती, मग त्या पिवळट, धिप्पाड देहाचा अर्धा भार. आणि खोलीच्या सुटत चाललेल्या कडा पुन्हा जागच्या जागी येऊन बसत. त्या दिवशी तो उठला, त्यानं अंग झाडलं, टेबलाला वळसा घातला, आणि दाराशी खुर्चीवर बसलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्याच्या मांडीवर छाती टेकून तो स्थिर झाला. ते गृहस्थ आपला आयुष्यभराचा वाळल्या पानांचा संग्रह संग्रहालयाला द्यायला आले होते. पुठ्ठ्याची पेटी धरलेले त्यांचे हात थरथरत होते, हे तिनं नंतर आठवून पाहिलं. त्या वेळी तिला दिसलं ते एवढंच, की तिचा भार दुसऱ्याच्या मांडीवर आहे. मग यंत्र पुन्हा सुरू झालं. पुढचं तिच्याजवळ तुकड्यातुकड्यांनी उरलं: टेबलाखालची फरशी, कुणाचे तरी बूट, स्वतःच्याच घशातून निघालेला एक लांबलचक स्वर, आणि वरून कुणाचं तरी, "अहो पाणी, पाणी आणा!" जसं काही तिला आग लागली होती.

"हे बघा," विभागप्रमुख नंतर त्यांच्या खोलीत म्हणाले, आणि त्यांचा आवाज मऊ होता, हे अधिक वाईट होतं. "परवानगी दिली ती कुत्रा तुमच्या ताब्यात राहील या बोलीवर. तो असा पाहुण्यांच्या अंगावर जायला लागला तर मला वर तोंड दाखवता येणार नाही."

"अंगावर गेला नाही. मांडीवर गेला."

"तेच ते."

"तेच ते नाही," ती म्हणाली. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते तिनं शाळेपासून इतक्या चेहऱ्यांवर पाहिलं होतं की आता त्याचा अर्थ लावायलाही श्रम पडत नसत. बरोबर बोलणं आणि उद्धट बोलणं यांच्यामधली भिंत लोकांना नेमकी कुठे दिसते हे तिला कधीच दिसलं नव्हतं. ती फक्त तिच्यावर आदळायची.

स्वमग्न, असं तिच्या स्थितीला म्हणत. लहानपणी आईनं डॉक्टरांकडून तो शब्द घरी आणला तेव्हापासून तिला त्याचा राग होता. स्वतःत मग्न व्हायला कधी फुरसत मिळाली असती तर! ती मग्न होती ती बाकीच्या सगळ्यात: दिव्याच्या नळीतल्या गुणगुणीत, पुढच्या माणसाच्या सदऱ्यावरच्या रेघांत, पलीकडच्या खोलीत चमचा बशीवर ठेवला जाण्यात, आणि एका वाक्यात दडलेल्या दुसऱ्या वाक्याचा माग काढण्यात. जग तिच्या आत चपला न काढता शिरे. आईला हे कुणी न सांगता उमगलं होतं. कपाटात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गाद्यांची चळत होती. पाच-सहा वर्षांची ती त्या चळतीखाली शिरून पडे, आणि वरच्या गाद्यांचा सगळा भार पाठीवर आला की तिचा श्वास आपोआप लांब होई. आई कपाटाचं दार जरासं उघडं ठेवी आणि आपलं काम करत राही. अण्णा घरी असले की मात्र तिला पायाला धरून बाहेर ओढत. "माणसासारखी बस. ताठ. पाठीला कणा दिलाय ना देवानं?" अण्णा शाळेत कवायतीचे मास्तर होते. पोरं त्यांना मागून 'लोखंड' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. त्यांच्या गळ्यातली शिट्टी घरी खुंटीला टांगलेली असे. ती वाजत नसतानासुद्धा तिला ऐकू येई.

आई गेली तेव्हा गाद्यांची चळतही गेली. अण्णांनी, आता पाहुणे कोण येतंय, म्हणून ती देऊन टाकली. त्यानंतरचं एक वर्ष तिनं कसं काढलं ते ती आठवत नसे. मग मदतनीस कुत्रे शिकवून देणाऱ्या एका संस्थेनं तिला कुत्रा दिला. संस्थेतलं त्याचं नाव काहीतरी डौलदार होतं, पण पहिल्याच दिवशी अण्णा त्याला पाहून म्हणाले, "हा ठोकळा काय करणार? याला स्वतःचंच बूड उचलवत नाही," आणि तेच नाव टिकलं, कारण ते खरं होतं आणि तिला खरी नावं लक्षात ठेवायला सोपी जात. पुढे कितीतरी दिवस अण्णांचं चाललं होतं: "आले का तुझे साहेब? साहेबांची न्याहारी झाली? माणसाच्या लेकीनं जनावराच्या आधारानं जगायचं, हे बघायलाच मी मागे राहिलो." त्यात उत्तर देण्याजोगा प्रश्न कुठला होता हे तिला समजत नसे.

ठोकळ्याचा नियम एकच होता, आणि नियम एकच असणं हेच त्याच्यातलं सगळ्यात मोठं सुख. अंगावर निळं जाकीट असलं की तो कामावर. मग तो फक्त तिचा, इतर कुणी त्याला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, डोळ्याला डोळा देऊन बोलायचंही नाही. जाकीट काढलं की तो नुसता कुत्रा. मग त्यानं खुशाल पायपुसणं ओढावं, पोट वर करून लोळावं. "टेक," असं ती म्हणे, आणि तो आपला भार तिच्यावर टेके. बहुतेक वेळा म्हणावंही लागत नसे. दुकानातल्या रांगेत तो तिच्या मागे आडवा उभा राही आणि तिच्या पाठीशी हातभर मोकळी जागा राखी. त्या हातभर जागेत ती पहिल्यांदाच, वयाची तिशी ओलांडून गेल्यावर, वाण्याशी दोन वाक्यं बोलली. पण एकाला हे कळेल तर शपथ. "अय्या, किती गोड!" म्हणून हात पुढे येतच असत. इमारतींच्या दारांवर रखवालदार अडवत. "कुत्रा आत नाही."

"हा मदतनीस कुत्रा आहे. परवानगी आहे."

"ते आंधळ्यांना असतं. तुम्हाला तर चांगलं दिसतंय की."

"मला जास्त दिसतं," तिनं एकदा खरं ते सांगितलं होतं, आणि रखवालदार हसत सुटला होता. तेव्हापासून ती ते सांगत नसे. रोज सकाळी दाराबाहेर पडताना तिला वाटे, आपल्याला आंधळं, लंगडं, काहीतरी दिसण्याजोगं व्हायला हवं होतं. निदान मग रोज नव्यानं स्वतःला सिद्ध करण्याची ही बिनपगारी नोकरी तरी सुटली असती.

संग्रहालयातलं तिचं काम त्यामानानं दयाळू होतं. दाबून वाळवलेली रोपं यायची, ती पांढऱ्या जाड कागदावर मांडायची, देठाला डिंक लावायचा, आणि तो सुकेपर्यंत रोपावर वाळूच्या चिमुकल्या पिशव्या ठेवायच्या, कारण वाळलेल्या गोष्टींना वर वळण्याची, कागद सोडण्याची ओढ असते. किती भार ठेवायचा हे बोटांनाच कळे. कमी ठेवला तर पान उठतं, जास्त ठेवला तर मोडतं. त्या प्रकारानंतर दुसऱ्या दिवशी तिच्या हातून एक पान मोडलं, आणि ती कागदाकडे बघत राहिली. ठोकळा पायाशी झोपला होता, निर्दोष, घोरत. त्याच्याकडे बघताना तिला जे वाटलं त्याला राग म्हणावं तर त्यात इतकी भीती होती, आणि भीती म्हणावं तर ती त्याला चक्क लाथ घालायच्या बेतात होती.

त्याच संध्याकाळी, तिनं कळवल्यावरून, संस्थेच्या प्रशिक्षक बाई घरी आल्या. ठेंगण्या, कोरड्या, कुत्र्यांशी बोलावं तसंच माणसांशी मोजकं बोलणाऱ्या. तिला त्या आवडत. त्यांनी ठोकळ्याला जाकीट घातलं, तिला एका खुर्चीत बसवलं, अण्णांना समोरच्या, म्हणजे आईच्या खुर्चीत. मग दोन पातेली एकमेकांवर आपटली. ठोकळा उठला. क्षणभर तो खोलीच्या मध्यावर उभा राहिला, आणि त्यानं मान फिरवून अण्णांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा अण्णांकडे. शेवटी तो तिच्याकडे आला. पण ती मान दोनदा अण्णांकडे वळली होती, ते तिनं मोजलं होतं.

"जाकिटात असताना त्याला एकच माणूस," प्रशिक्षक बाई म्हणाल्या. "इथे त्याला दोन झालीत. घरात दुसरं कुणी जाकीट घालतं का याला?"

"मी? त्या ठोकळ्याला?" अण्णा म्हणाले. "छे."

"दुसरं कुणी टेक म्हणतं?"

"मला दुसरे उद्योग नाहीत का, बाई?"

बाईंनी पिशवी उचलली. "रविवारी मी परत येते. तेव्हाही असंच दिसलं तर याला न्यावं लागेल. चार-सहा महिने तरी. आणि परत तुमच्याकडेच येईल असं वचन मी देत नाही. शिकवून तयार केलेला कुत्रा आहे, वाट बघणारी माणसं पुष्कळ आहेत."

त्या गेल्यावर अण्णांनी पातेली जागेवर ठेवली, आवाज न करता, एकात एक. ती खुर्चीतच बसून राहिली. ठोकळ्याशिवायचा रस्ता तिच्या डोळ्यांपुढे उलगडत गेला: दुकानाचं दार, रांग, मागून लागलेला कुणाचा तरी कोपर, मग दुकान नाहीच, मग संग्रहालय नाहीच, मग ही खोली, मग या खोलीतला एक कोपरा. आई गेल्यानंतरचं ते एक वर्ष असंच गेलेलं होतं; नवीन काही कल्पायची गरज नव्हती. चूक आपलीच असणार, असं तिनं धरून टाकलं, कारण आजवर बहुतेक चुका तिच्याच निघाल्या होत्या. अण्णा नाही म्हणाले होते, आणि बोललेल्या वाक्यावर विश्वास न ठेवता कसं जगायचं असतं हे तिला येत नव्हतं. त्यातून अण्णांचं वाक्य. खोटं बोलला म्हणून एका पोराला त्यांनी भर उन्हात मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या होत्या, आणि पोराबरोबर स्वतःही पळाले होते, एकट्यानं पळताना त्याला लबाडी करता येऊ नये म्हणून. अशा माणसाचं 'छे' म्हणजे दगडावरची रेघ.

मग तिनं जाकीट काढायला घेतलं, आणि पट्ट्यावर बोट फिरलं. पोटाखालून जाणारा तो चामड्याचा पट्टा ती नेहमी एकाच भोकात अडकवी, घट्ट. तिथे चामड्याला घडी पडलेली होती. त्या घडीच्या बाहेरच्या बाजूला, सैल भोकापाशी, दुसरी घडी होती. ती तिनं आधीही पाहिली होती. ठोकळा सुटत चालला असेल म्हणून सोडून दिली होती. पण चामडं वाळल्या पानासारखंच असतं. जिथे रोज वाकवावं तिथेच ते वाकतं, एखाद्या दिवशीच्या चुकीनं नाही. कुणीतरी रोज ते जाकीट घालत होतं. आणि सैल घालत होतं, जनावराला काचू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरात गेली, दाराला कडी लावली, नळ सोडला, आणि अंगावर पाणी न घेता उभी राहिली. सकाळचा तिचा क्रम ठरलेला होता, आणि तो मोडणं म्हणजे काय असतं हे कुणाला सांगून पटणारं नाही. दात घासल्यावर आंघोळ येते, ती न करता पुन्हा दाराकडे वळायचं म्हणजे वाक्याच्या मध्यातून उलटं बोलत पहिल्या शब्दाकडे जाणं. तिनं अंगठा पेरावर घासला. मग कडी काढली. नळ तसाच चालू ठेवून ती अनवाणी, कोरडी, बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यावर आली.

अण्णा आईच्या खुर्चीत होते. दाढी अर्धी झालेली. एका गालावर साबण तसाच वाळत चाललेला. ठोकळ्याच्या अंगावर निळं जाकीट होतं आणि त्याची छाती अण्णांच्या मांडीवर. अण्णांनी त्याला धरलेलं नव्हतं. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ताठ होते, सावधानमध्ये उभ्या पोरानं हात ठेवावेत तसे, आणि त्या हातांची बोटं थरथरत होती. डोळे मिटलेले. "टेक," ते पुटपुटत होते. "टेक रे. टेक."

ती जे बोलली ते आधी तिलाच ओळखू आलं नाही, इतकं ते मोठ्यानं होतं. "तुम्ही नाही म्हणालात!"

अण्णांनी डोळे उघडले. उठायला गेले, पण मांडीवर ठोकळा होता, आणि त्याला ढकलणं त्यांना जमेना.

"तुम्ही छे म्हणालात. बाईंसमोर. मी विश्वास ठेवला. मी माझीच चूक शोधत बसले."

"अगं, हळू."

"का घातलंत जाकीट? घरात तो नुसता कुत्रा असतो. नुसता घ्यायचा होतात मांडीवर!"

"नुसता येत नाही तो," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार होती, खरीखुरी, एखाद्या आळशी विद्यार्थ्याविषयी असावी तशी. "नुसता आला की चाटतो, पायजमा ओढतो, पळतो. मी तुझं बघितलं होतं. जाकीट असलं की तो कामाला लागतो. आता गणवेश चढवल्याशिवाय कोण कामाला लागतं, सांग? मी काय तीस वर्षं पोरं उगाच उभी केली?" मग थांबून म्हणाले, "सकाळीच होतं. दाढी करताना. आरशात बघतो, आणि छातीत कुणीतरी दौड सुरू करतं. वाटतं, आता संपलं. डॉक्टर म्हणतात, हृदय घोड्यासारखं आहे. घोड्यासारखंच पळतंय, म्हटलं. हसले ते."

"कधीपासून?"

"तुझी आई गेली तेव्हापासून. मग हा आला. तू न्हाणीघरात असायचीस. तुला काय फरक पडणार होता, असं वाटलं. जरा वेळ."

फरक. तिला वाटलं, आपण इथे या उंबऱ्यावर उभ्याउभ्या फुटून जाऊ. एवढ्या मोठ्या जगात एकच गोष्ट तिच्या मापाची मिळाली होती, एकच जिवंत भार. आणि त्या भारावरही शेवटी, ज्यांनी तिला गादीखालून पायाला धरून ओढलं होतं त्यांनीच येऊन हक्क सांगावा. तेव्हा 'माणसासारखी बस'. आता 'टेक रे, टेक'. त्यांना ती शिट्टी परत आणून द्यावी असं तिला वाटलं, आणि सांगावं: ताठ बसा. पाठीला कणा आहे ना? वाक्य तोंडात तयार होतं, शब्द न् शब्द त्यांचाच. पण खुर्चीच्या हातावरच अण्णांचा अंगठा तर्जनीच्या पेरावर घासत होता, वर-खाली, वर-खाली. आणि तो अंगठा तिचा होता. आजवर तिला तो आपल्या एकटीचाच वाटत आला होता.

"जाकीट काढा," ती म्हणाली.

अण्णांनी काढलं. सैल भोकातून पट्टा सुटला. तिनं ते जाकीट घेऊन खुंटीवर टांगलं, आणि बोट दाखवून ठोकळ्याला त्याच्या जागेवर बसवलं. तो गेला, पण बसताना त्यानं दोघांकडेही पाहिलं, आणि त्या पाहण्यात इतकी अडचण होती की तिला त्याचीच कीव आली. भार निघताच अण्णांचे गुडघे हलायला लागले. त्यांनी ते हातांनी दाबून धरले.

"आता पुन्हा नाही," ते म्हणाले. "शब्द देतो. तुझा कुत्रा जाऊ देणार नाही मी." आणि मग, ज्या माणसानं आयुष्यभर फक्त आज्ञा दिल्या त्यानं विचारलं, "पण मग मी काय करू गं?"

हा प्रश्न होता. याचं उत्तर द्यावं लागतं हे तिला कळत होतं. काय होतंय, असं विचारून काही होत नसतं. पाणी आणून होत नसतं. धीर धरा म्हणणाऱ्या माणसाचा तर गळा धरावासा वाटतो. तिला अख्ख्या जगातली एकच गोष्ट ठाऊक होती, आणि ती करणं तिला अशक्य होतं. माणसाच्या अंगाची ऊब तिला कपड्यातूनही भाजे. आईला सुद्धा तिनं शेवटच्या दिवशी फक्त पांघरुणावरून हात लावला होता. संताप अजून तसाच होता. तो थोडाही ओसरला नव्हता, आणि रविवारपर्यंत, कदाचित त्याच्या पुढच्या सगळ्या सकाळींपर्यंत, तो ओसरेल असं काही चिन्ह नव्हतं. तो घेऊनच ती खुर्चीजवळ गेली, अण्णांकडे पाठ करून फरशीवर बसली, आणि मागे सरकत सरकत तिनं आपली पाठ त्यांच्या नडग्यांना लावली.

अण्णा दचकले. "अगं..."

"हात लावू नका."

"नाही लावत."

"बोलू नका."

दाढीच्या साबणाचा वास तिच्या मानेवरून खाली उतरला. तो तिला लहानपणापासून सहन होत नसे. नडग्यांची हाडं पाठीत रुतत होती, आणि त्यांच्यातून ती थरथर तिच्या बरगड्यांत येत होती, भिंत फोडणाऱ्या त्या यंत्रासारखी, मध्येच थांबत, दम खात, पुन्हा सुरू होत. उठून पळावं असं तिच्या कातडीचा प्रत्येक तुकडा ओरडून सांगत होता. ती उठली नाही. किती भार ठेवायचा हे तिला कळत होतं. ते तिच्या पाठीलाही, बोटांसारखंच, कळत होतं. कमी नाही, की पान उठेल. समोर आपल्या जागेवर ठोकळ्यानं मान वर केली, अण्णांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, तिच्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि तो अर्धवट उठला.

"बस," ती म्हणाली.

तो बसला. जरा वेळानं त्यानं हनुवटी पंजांवर ठेवली, पण डोळे मिटले नाहीत. आत न्हाणीघरात पाणी धो धो वाहत होतं, सलग, एका स्वरात.

"नळ चालू राहिलाय," अण्णा म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि आणखी मागे रेलली.